गाडीचा एसी लागत नाही? गॅस भरण्याआधी करंट कुठे अडतोय ते शोधा

एसीचं बटण दाबलं, बटणावरचा दिवा लागला, जाळीतून वाराही येतोय, पण येतोय तो बाहेरच्या हवेइतकाच गरम. अशी गाडी दुकानात नेली की बहुतेक ठिकाणी पहिलं वाक्य तेच असतं, "साहेब, गॅस संपलाय, भरून टाकतो." कधी ते खरंही असतं. पण एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. कमी झालाच असेल तर कुठून तरी गळालेला असतो. शिवाय कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) न लागण्याचं कारण कितीदा तरी एक उडालेला फ्यूज, चिकटलेला रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) किंवा उंदराने कुरतडलेली वायर एवढंच निघतं. अशा गाडीत नवा गॅस भरला तरी एसी गरमच राहतो आणि पैसे मात्र जातात.

म्हणून आधी करंटचा माग काढायचा. बॅटरीपासून कॉम्प्रेसरपर्यंत १२ व्होल्ट कुठपर्यंत पोचतात आणि कुठे थांबतात, एवढंच शोधायचं आहे. त्यासाठी साधा मल्टिमीटर, इंडिकेटरच्या २१ वॅटच्या बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) आणि टॉर्च पुरे. गॅसचं काम सोडलं तर बाकी तपासणी घरच्या पार्किंगमध्ये होते.

आधी कॉम्प्रेसर कुठल्या जातीचा ते पाहा

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत क्लचवाला कॉम्प्रेसर असतो. इंजिन चालू असलं की पट्ट्यावरची पुली सतत फिरते, पण तिच्या तोंडाशी बसलेली लोखंडी प्लेट एसी बंद असताना स्थिर असते. एसी लावला की पुलीमागच्या कॉइलमध्ये करंट जातो, चुंबक तयार होतं, प्लेट पुलीला 'टक्' करून चिकटते आणि कॉम्प्रेसरचा शाफ्ट फिरू लागतो. हा लेख या जातीसाठी आहे.

काही गाड्यांत, विशेषतः युरोपीय बनावटीच्या, क्लचच नसतो. तिथे कॉम्प्रेसर कायम फिरतो आणि आतला कंट्रोल व्हॉल्व्ह त्याचं काम कमी-जास्त करतो. तिथे 'टक्' ऐकू येणार नाही आणि खालच्या बऱ्याच पायऱ्या लागू पडणार नाहीत. स्कॅनर (गाडीच्या संगणकातले दोष वाचणारं यंत्र) लावूनच बघावं लागतं. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत कॉम्प्रेसरला जाड नारिंगी केबल आलेली दिसेल. त्यात शेकडो व्होल्ट असतात. तिथे हात लावू नका.

आत बसून दोन मिनिटं

इंजिन चालू करा, ब्लोअर दोनवर ठेवा, तापमानाचा नॉब पूर्ण थंडकडे फिरवा आणि एसीचं बटण दाबा. वारा येतोय का ते पाहा. पुष्कळ गाड्यांत ब्लोअर चालू असल्याशिवाय एसीची मागणी पुढे जातच नाही, कारण हवा फिरली नाही तर डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल गोठेल. वाराच येत नसेल तर ब्लोअरचा फ्यूज, रेझिस्टर आणि मोटर आधी बघा. बटणावरचा दिवाच लागत नसेल तर बिघाड आतल्या स्विचमध्ये किंवा त्याच्या कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये) असण्याची शक्यता जास्त.

आता कान द्या. बटण दाबताच रेडिएटरचा किंवा कंडेन्सरचा (एसीचा गरम गॅस थंड करणाऱ्या जाळीचा) पंखा सुरू होतो का? अनेक गाड्यांत इंजिनचा ईसीयू (नियंत्रण करणारा छोटा संगणक) एसीची मागणी मान्य करतो तेव्हा कॉम्प्रेसरचा रिले आणि पंखा दोन्ही लावतो. पंखा लागला आणि कॉम्प्रेसर लागला नाही, तर ईसीयूने होकार दिलेला आहे. बिघाड बहुधा त्याच्या पुढे, रिले ते क्लच या भागात आहे. पंखाही लागला नाही तर होकारच अडलाय, म्हणजे प्रेशर स्विच, कूलिंग कॉइलचा सेन्सर किंवा गॅस. या एका निरीक्षणाने निम्मं काम होतं.

आणखी एक खूण. किल्ली फिरवताच इंजिन थंड असतानाही पंखा जोरात फिरायला लागतो आणि एसी लागत नाही, अशी गाडी असेल तर कूलंटच्या तापमानाच्या सेन्सरचा कपलर बघा. त्याची वायर तुटली की कित्येक गाड्यांत ईसीयू इंजिन तापलंय असं धरून पंखा लावतो आणि एसी बंद ठेवतो.

बोनेट उघडल्यावर

ओढणी, मफलर, सैल बाह्या आवरून घ्या. पंखा कुठल्याही क्षणी सुरू होऊ शकतो. त्याच्या पात्यांजवळ हात नको.

इंजिन बंद करून पहिलं काम: क्लचच्या पुढच्या प्लेटला हाताने फिरवून बघा. थोडा लयीत येणारा विरोध जाणवत ती फिरली पाहिजे. अजिबात हलत नसेल तर कॉम्प्रेसर जॅम आहे. मग पुढची कुठलीही युक्ती करून तो लावायला जाऊ नका. पट्टा जळेल, आणि कितीतरी गाड्यांत तोच पट्टा अल्टरनेटर आणि वॉटर पंपही फिरवतो. तो तुटला तर गाडी रस्त्यातच उभी राहील. पुलीला खडखड किंवा ढिलेपणा असेल तर बेअरिंग गेलं आहे, तेही लगेच बदलायचं.

मग बॅटरी. इंजिन बंद असताना साधारण १२.४ व्होल्टच्या वर आणि चालू असताना १३.८ ते १४.४ च्या आसपास हवेत. बॅटरी फार उतरलेली असेल तर काही गाड्या आपणहून एसी बंद करतात.

फ्यूज आणि रिले

बोनेटखालच्या फ्यूज बॉक्सच्या झाकणावर आतून नकाशा छापलेला असतो. त्यात एसी किंवा कॉम्प्रेसर क्लच असं लिहिलेला फ्यूज शोधा. बहुधा तो १० अँपिअरचा, लाल रंगाचा असतो. केबिनमध्येही एक फ्यूज बॉक्स असतो, तो विसरू नका. फ्यूज बाहेर काढून डोळ्यांनी बघण्यापेक्षा किल्ली ऑन ठेवा, टेस्ट लॅम्पची एक वायर बॅटरीच्या मायनसला धरा आणि दुसरी फ्यूजच्या पाठीवरच्या दोन उघड्या टोकांना एकेक करून लावा. दोन्हीकडे बल्ब लागला तर फ्यूज ठीक. एकीकडे लागला, दुसरीकडे नाही, तर उडालाय. दोन्हीकडे नाहीच लागला तर लगेच निष्कर्ष काढू नका. काही गाड्यांत हा फ्यूज रिलेच्या पुढे असतो, त्याला रिले लागल्यावरच करंट मिळतो. तिथे फ्यूज काढून मल्टिमीटरने तपासा.

उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा नवा लावा. १० च्या जागी २० चा पिवळा लावण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्या वायरिंगला आग लागू शकते. नवा फ्यूजही लगेच उडाला तर क्लचची कॉइल शॉर्ट आहे, तिच्या वायरीवरचा छोटा डायोड गेलाय किंवा वायर इंजिनच्या लोखंडाला घासून सोलली आहे. यातलं एक सापडेपर्यंत तिसरा फ्यूज घालू नका.

रिले तपासायचा सोपा मार्ग म्हणजे अदलाबदल. हॉर्नचा किंवा दुसरा कुठला तरी रिले त्याच नंबरचा आणि त्याच पायांचा असतो, तो इथे लावून बघा. कॉम्प्रेसर लागला तर काम संपलं.

नाही लागला तर रिले काढून त्याच्या खाचांकडे वळा. रिलेच्या तळाशी ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. ३० ला बॅटरीचा करंट येतो, ८७ मधून तो क्लचकडे जातो, ८५ आणि ८६ रिलेच्या स्वतःच्या कॉइलचे पाय. इंजिन बंद, किल्ली ऑन. १० अँपिअरचा फ्यूज मध्ये घातलेली एक वायर घ्या आणि ३० व ८७ च्या खाचा दोन सेकंद जोडा. कॉम्प्रेसरकडून 'टक्' ऐकू आलं तर रिलेपासून क्लचपर्यंतचा रस्ता मोकळा आहे. दोष रिलेला हुकूम देणाऱ्या बाजूला. नाही आलं तर वायर, अर्थ (करंट बॅटरीच्या मायनसकडे परत जाण्याची जोडणी) किंवा कॉइल.

ही जोडणी इंजिन चालू ठेवून आणि मिनिटभर धरून ठेवून करू नका. कॉम्प्रेसरला वंगण देणारं तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅस नसताना तो जबरदस्तीने फिरवला तर आतून कोरडा घासून जॅम होतो. गळती किरकोळ असली तरी मग कॉम्प्रेसर नवा घ्यावा लागतो, आणि त्यातला धातूचा चुरा कंडेन्सरमध्ये जाऊन बसतो तो वेगळाच.

क्लचपर्यंत करंट येतो, पण कितीसा?

कॉम्प्रेसरवर कॉइलचा एका किंवा दोन वायरींचा छोटा कपलर असतो. तो सोडवा आणि कॉइलच्या बाजूने रेझिस्टन्स मोजा. एकच वायर असेल तर दुसरं टोक कॉम्प्रेसरच्या बॉडीला लावा. साधारण ३ ते ५ ओहम आले पाहिजेत, ३.६ ओहमच्या कॉइलला १२ व्होल्टवर सव्वातीन अँपिअरच्या आसपास करंट लागतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. दोनपेक्षाही खूप कमी आले तर शॉर्ट.

आता गाडीकडून येणाऱ्या बाजूला करंट तपासा, आणि इथे नवशिके हमखास फसतात. वायरीतली एकच तार शिल्लक राहिली असली तरी मल्टिमीटर छान १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही. क्लचला तीन-चार अँपिअर लागतात. त्या एका तारेतून तेवढा जात नाही. म्हणून इथे २१ वॅटचा बल्ब लावा. तो झगझगीत लागला पाहिजे. मंद लागला तर वाटेत कुठेतरी कपलरवर हिरवा गंज आहे, वायर अर्धी तुटली आहे किंवा अर्थ कमजोर आहे. बल्बचं एक टोक थेट बॅटरीच्या मायनसला धरून बघा; तेव्हा उजळला तर दोष अर्थचा. इंजिन आणि बॉडी यांच्यातली अर्थ पट्टी आणि कॉम्प्रेसरचे माउंटिंग बोल्ट साफ करा.

गाडी पावसाळ्यात दोन-तीन दिवस न हलवता उभी राहिली असेल तर बॅटरीच्या बाजूने खाली उतरणारा वायरींचा जुडगा बोटांनी चाचपत जा. उंदीर बहुधा वळणाच्या आतल्या बाजूला दात लावतो, वरून बघून दिसत नाही. टेपचा भुगा, लेंड्या, तांब्याची उघडी टोकं हाताला लागतील. जोड देताना नुसती पिळून टेप गुंडाळू नका. सोल्डर करून त्यावर हीट श्रिंक नळी चढवा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तिथेच गंज धरेल. एक सूचना मात्र: बल्बचा टेस्ट लॅम्प ईसीयूच्या किंवा सेन्सरच्या बारीक वायरींना लावायचा नाही. तिथे फक्त मल्टिमीटर.

सकाळी लागतो, अर्ध्या तासाने सोडतो

ही तक्रार असली की बरेच जण गॅसकडे बोट दाखवतात. आधी क्लचची फट मोजा. प्लेट आणि पुली यांच्यात एसी बंद असताना साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर अंतर असावं लागतं. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. हजारो वेळा चिकटून-सुटून दोन्ही पृष्ठभाग झिजतात आणि ही फट वाढते. थंड असताना चुंबक तेवढं अंतर ओढून घेतं. पण इंजिन तापलं की कॉइलचा रेझिस्टन्स वाढतो, करंट कमी होतो, चुंबकाची ओढ कमी पडते आणि प्लेट पोचतच नाही. गाडी थंड झाली की पुन्हा सगळं ठीक.

इंजिन बंद ठेवून फिलर गेजची पाती तीन ठिकाणी घालून मोजा. टॉर्च मारून प्लेटची कडही नीट पाहा. घसरणाऱ्या क्लचच्या कडेला तांबूस भुकटी साचलेली असते आणि लोखंडावर निळसर-जांभळी झाक आलेली असते. नुसती भुकटी असेल तर फट कमी करून भागतं. निळी झाक गडद असेल, रबर वितळलं असेल तर प्लेट, पुली, कॉइल असा संच बदलणंच बरं.

फट कमी करायला प्लेटच्या मधला बोल्ट सोडवून प्लेट बाहेर काढतात. शाफ्टवर कागदासारखे पातळ वॉशर असतात, त्यांना शिम म्हणतात. ०.१, ०.३, ०.५ मिलिमीटर अशा जाडीचे. एखादा काढला की फट तेवढी कमी होते. फट ०.३ च्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर एसी बंद असतानाही प्लेट पुलीला घासत राहील. हात पोचायला जागा असेल तर या कामासाठी गॅस काढावा लागत नाही, आणि कॉइल किंवा पुलीचं बेअरिंग बदलतानाही बहुधा नाही. क्लच गेला म्हणून कोणी अख्खा कॉम्प्रेसर बदलायला सांगत असेल तर त्यांना हे जरूर विचारा.

हुकूमच येत नसेल तर

रिलेच्या खाचा जोडल्यावर 'टक्' आलं, पण बटणाने येत नाही. आता गॅसचा नंबर, कारण इथेच प्रेशर स्विच बसलेला असतो, बहुधा कंडेन्सरकडून येणाऱ्या बारीक नळीवर किंवा ड्रायरवर (ओलावा शोषणाऱ्या डबीवर). दाब साधारण २ बारच्या खाली गेला किंवा ३० बारच्या वर गेला की तो सर्किट तोडतो.

गेज लावायचे तर इंजिन बंद आणि गाडी काही तास उभी असू द्या. जाड नळी कमी दाबाची, निळा गेज. बारीक नळी जास्त दाबाची, लाल गेज. आर-१३४ए गॅसच्या गाडीत दोन्ही पोर्टची मापं वेगळी असतात, त्यामुळे अदलाबदल होत नाही. उभ्या गाडीत दोन्ही काटे सारखेच दिसतील आणि तो आकडा हवेच्या तापमानावर ठरतो: २५ अंशांना सुमारे ८२ पीएसआय (१ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय), ३० ला ९७, ३५ ला ११४, ४० ला १३३.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घ्या. काटा एवढा असेल तर आत थोडा तरी द्रवरूप गॅस शिल्लक आहे. तो पुरेसा आहे की नाही हे यावरून कळत नाही. पाऊण गेला असला तरी काटा तोच दिसू शकतो. पण एवढं नक्की कळतं की लो प्रेशरचा स्विच तोडायला कारण नाही. म्हणजे कॉम्प्रेसर मुळीच न लागण्याचं खापर गॅसवर फोडता येत नाही. उलट ३० अंशांच्या दुपारी काटा २०-२५ पीएसआयवर असेल तर गॅस जवळजवळ सगळा गेलाय आणि स्विच त्याचं काम बरोबर करतोय.

गॅस ठीक असेल तर स्विचचा कपलर सोडवा. दोन पायांचा साधा स्विच असेल तर त्याच्या पायांत मल्टिमीटरने सातत्य (एका पायापासून दुसऱ्यापर्यंत अखंड जोड) दिसलं पाहिजे. नसेल तर स्विच खराब. तीन वायरींचा असेल तर तो सेन्सर आहे, ५ व्होल्टवर चालतो. त्याच्या वायरी कधीही एकमेकींना जोडू नका, ईसीयूला इजा होईल. स्कॅनरवर त्याचा आकडा बघा. पी०५३० ते पी०५३३ हे कोड या सेन्सरच्या सर्किटचे, पी०६४५ ते पी०६४७ क्लच रिलेच्या सर्किटचे.

उरला कूलिंग कॉइलचा सेन्सर, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे. थंडी वाढली की याचा रेझिस्टन्स वाढतो. त्यामुळे वायर तुटली की ईसीयूला वाटतं कॉइल गोठली आहे, आणि तो कॉम्प्रेसर लावतच नाही. सेन्सर काढून खोलीच्या तापमानाला मोजा, मग बर्फाच्या पाण्यात धरून मोजा. आकडा अडीच-तीन पट वाढायला हवा.

हायवेवर थंड, सिग्नलला गरम

नागपूर, चंद्रपूर, अकोल्याच्या मे महिन्यात हे फार दिसतं. गाडी पळत असताना कंडेन्सरवर वारा लागतो. उभी राहिली की सगळी भिस्त पंख्यावर. पंखा बंद किंवा मंद असेल, किंवा कंडेन्सरच्या पापुद्र्यांत धूळ, किडे, कापूस अडकला असेल तर दाब चढत जातो आणि स्विच वरच्या टोकाला सर्किट तोडतो. एसी लावून पंखा फिरतोय का बघा, कंडेन्सर साध्या पाण्याने हलक्या धारेने धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पापुद्रे आडवे होतात आणि वारा कायमचा अडतो. अंदाजे जास्त गॅस भरला असला तरी अगदी असंच होतं.

गॅस खरंच गेला असेल तर दुकानात काय मागायचं

गॅसला वास नसतो, पण गळताना तो तेल बरोबर आणतो आणि त्यावर धूळ बसते. नळ्यांचे जोड, कंडेन्सरचा दगड लागलेला खालचा भाग, कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं तोंड यांवर काळपट ओला डाग दिसला तर बहुधा तीच जागा. कोकणात खाऱ्या हवेने कंडेन्सरचं ॲल्युमिनियम लवकर खातं, तिथे आधी तेच बघा. दुकानात नायट्रोजन भरून साबणाच्या पाण्याने तपासायला सांगा. गळती न काढता 'टॉप-अप' घेऊ नका.

दुरुस्तीनंतर किमान अर्धा तास व्हॅक्यूम, मग पंप बंद करून १५ मिनिटं काटा हलत नाही ना हे पाहायचं. व्हॅक्यूममुळे आतला ओलावा उकळून निघून जातो. राहिला तर एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्ये (कूलिंग कॉइलकडे गॅस सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या झडपेत) बर्फ होतो आणि तेलाशी मिळून आतून गंज धरतो. यंत्रणा उघडी राहिली असेल तर ड्रायरही नवा घ्यायचा. गॅस वजन करून भरायचा. बोनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये आकडा असतो. छोट्या हॅचबॅकमध्ये तो बाजारातल्या ४५० ग्रॅमच्या एका डब्यापेक्षा कमी असू शकतो, म्हणून "डबा पूर्ण रिकामा केला" हे कौतुकाचं नाही. स्टिकरवर आर-१३४ए असेल तर दुसरं काहीही नको. स्वयंपाकाचा गॅस मिसळलेला स्वस्त माल तर मुळीच नको, तो पेट घेतो आणि कूलिंग कॉइल तुमच्या केबिनमध्येच असते. स्वतः पोर्टची पिन दाबून गॅस सोडू नका. उघड्या हवेत तो उणे २६ अंशांना उकळतो. बोटं आणि डोळे भाजल्यासारखे जखमी होतात.

भरून झाल्यावर ३०-३५ अंशांच्या हवेत, इंजिन दीड हजार आरपीएमवर ठेवून, निळा काटा साधारण २५ ते ४० आणि लाल २०० ते २६० पीएसआयमध्ये यायला हवा. गेज काढले की दोन्ही पोर्टांची छोटी प्लास्टिकची टोपणं स्वतः बघून घट्ट लावून घ्या. आतली पिन थोडी थोडी गळतेच; तिला अडवणारी खरी रबरी रिंग त्या टोपणात असते, आणि दुकानातून निघताना नेमकी तीच बॅटरीवर विसरून राहतात.